‘आराम करा’ या सल्ल्याआड दडलेले नैराश्य : बायपासनंतरच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

देवगड तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातील ६१ वर्षांच्या आंबा बागायतदाराची ही हकिगत आहे. त्यांची व त्यांच्या पत्नीची संमती घेऊन, आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदलून, मी ती लिहीत आहे. त्यांची बायपास शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. जखम भरली, हृदयाचे कार्य सुधारले, साखर आटोक्यात आली. तरीही आठव्या आठवड्यात हा माणूस अंथरुणाला खिळल्यासारखा झाला होता, आणि तोपर्यंतच्या तीन भेटींत मी त्यांच्या केसपेपरवर ‘प्रगती समाधानकारक’ असेच लिहिले होते. जे चुकले त्यात माझा वाटा मोठा असल्यामुळे ते आधी सांगतो.

सिंधुदुर्गातील माणसाला हृदयाची मोठी शस्त्रक्रिया करायची झाली की तो घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगावला जातो, नाहीतर गोव्यात बांबोळीला, आणि मुलगा मुंबईत असेल तर मुंबईला. परिणामी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि नंतर रुग्णाला रोज पाहणारे डॉक्टर यांच्यामध्ये शंभर-दीडशे किलोमीटरचे अंतर असते आणि त्यांचा एकमेकांशी संबंध डिस्चार्ज कार्डापुरता उरतो. आमच्या रुग्णाची शस्त्रक्रिया नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाटावरच्या एका रुग्णालयात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. छातीच्या आतल्या बाजूची डावी धमनी आणि पायाची नस वापरून तीन ठिकाणी जोड दिले गेले. नवव्या दिवशी ते घरी आले. सोबतच्या दोन छापील पानांवर औषधे, पथ्य, जखमेची निगा, वजन न उचलणे हे सारे होते; मनाविषयी एक ओळही नव्हती. याचे खापर मी त्या रुग्णालयावर फोडत नाही, कारण माझ्या दवाखान्यातल्या नोंदपत्रावरही तेव्हा तशी ओळ नव्हती.

घरात पती-पत्नी दोघेच. मुलगा मुंबईत नोकरीला, मुलगी कणकवलीला दिलेली. सुमारे दीडशे हापूस कलमांची बाग, मधुमेह आठ वर्षांपासून, विडी छातीत पहिली कळ येईपर्यंत चालू. पूर्वी कधी मानसिक आजार झाला होता का, याचे उत्तर त्यांनी व पत्नीने सुरुवातीला ‘नाही’ असेच दिले. पुढे बऱ्याच उशिरा कळले की २००९ च्या नोव्हेंबरात, फयान वादळात, होडीवर गेलेला त्यांचा चुलत भाऊ परतला नाही, तेव्हा दोन-तीन महिने ते कुणाशी बोलत नव्हते. घरच्यांनी त्याला दुःख म्हटले, आणि ते होतेच. पण पूर्वीचा असा काळ पुढच्या नैराश्याचा धोका वाढवतो, म्हणून तो आधी विचारून घ्यायला हवा होता.

दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. रक्तदाब घेतला, जखम पाहिली, पायाची सूज पाहिली. कसे वाटते, असे विचारले की “बरो आसय” एवढेच उत्तर येई, आणि बाकीचे पत्नी सांगत. आता मागे वळून पाहताना तीन गोष्टी डोळ्यांत भरतात. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पत्नीच देत होत्या. रोज दाढी करणारा माणूस तिन्ही वेळा दाढी वाढवून आला होता. आणि सहा आठवड्यांत त्यांचे वजन पाच किलोंनी घटले होते. या तिसऱ्या गोष्टीबद्दल तर मी त्यांचे अभिनंदन केले होते. मधुमेही माणसाचे वजन उतरले म्हणून मी खूष झालो. जेवणावरची वासना उडाली म्हणून ते उतरले, हे विचारायचे मला सुचले नाही.

आठव्या आठवड्यात, जानेवारीच्या अखेरीस, पहाटे चारच्या सुमारास छातीत जड वाटून जीव घाबरा झाल्यामुळे त्यांना रिक्षाने आणले. इसीजीत नवीन काही नव्हते, हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी ट्रोपोनिन चाचणी नकारात्मक आली, इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता ५० टक्के, म्हणजे जवळपास नेहमीइतकी, होती. हिमोग्लोबिन १०.८, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर असते तितपत कमी. थायरॉइड, बी-१२ आणि सोडियम ठीक. छातीचे दुखणे हृदयाचे नाही एवढे नक्की झाल्यावर मी औषधांची पिशवी मागवली, आणि तिथे पहिला धागा हाती लागला. तीस दिवसांच्या सगळ्या गोळ्या एकाच दिवशी आणलेल्या होत्या आणि त्याला चोवीस दिवस झाले होते. सकाळच्या गोळ्या पत्नी हातावर ठेवत, त्या हिशेबाने संपल्या होत्या. रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी ते स्वतः घेत. तिच्या सहा उरायला हव्या होत्या, तिथे एकोणीस होत्या. विसरलात का, असे विचारल्यावर ते म्हणाले की विसरलो नाही, उठून घ्यावीशी वाटली नाही.

मग मी ‘कसे वाटते’ हा प्रश्न सोडून दिला आणि काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केले ते क्रमाने सांगा, असे म्हटले. कोकणातला शेतकरी या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटे देऊ शकतो. यांचे उत्तर दोन वाक्यांत संपले: पेज घेतली, पडून राहिलो. पत्नींनी भर घातली की ते माजघरातून ओटीवरही येत नाहीत, पहाटे तीन-साडेतीनला जागे होतात आणि आढ्याकडे बघत राहतात. शेजाऱ्याने येऊन मोहरावर तुडतुडे पडल्याचे सांगितले, तेव्हा ते “जावंदे” म्हणून कुशीवर वळले. तुडतुडे म्हणजे मोहराचा कर्दनकाळ. चाळीस वर्षे बाग राखलेल्या माणसाने त्यावर ‘जावंदे’ म्हणावे, हे माझ्या दृष्टीने कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा बोलके लक्षण होते.

प्रश्नावलीही भरून घेतली. पीएचक्यू-९ या चाचणीत मागील दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. गुण दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट मुलाखत घेऊन निदान करावे लागते. यांचे १७ आले. शस्त्रक्रियेनंतर झोप, भूक आणि थकवा यांचे गुण शरीराच्या कारणानेही वाढतात, ही अडचण खरी आहे. म्हणून मी त्या तीन प्रश्नांवर भर न देता रस नसणे, उदासपणा आणि आपण निकामी झालो ही भावना यांकडे पाहिले. तिन्हींत त्यांना पुरे गुण होते. नवव्या प्रश्नाला, मरणाच्या विचारांच्या, त्यांनी ‘काही दिवस’ असे उत्तर दिले. स्पष्ट विचारल्यावर म्हणाले की टेबलावरच गेलो असतो तर सुटलो असतो असे मनात येते, पण स्वतःहून काही करण्याचा विचार केलेला नाही. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट त्यांना मोकळे वाटल्याचे चेहऱ्यावर दिसले. तरी आंब्याच्या घरात फवारणीची औषधे हाताशी असतात, म्हणून ती त्याच दिवशी शेजाऱ्याच्या कुलपात हलवायला सांगितली, आणि अडीअडचणीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पत्नी व मुलगी या दोघींच्या फोनमध्ये घालून दिला.

हे नुसते अशक्तपण नव्हे, असे मी कशावरून म्हणतो? बायपासनंतर पहिले तीन-चार आठवडे रडू येणे, चिडचीड, झोपमोड हे पुष्कळांना होते आणि आपोआप ओसरते. पण अशक्त माणसाला एखादी गोष्ट करावीशी वाटते आणि करवत नाही; या रुग्णाला करावीशीच वाटत नव्हती. शिवाय दिवस जातील तशी तब्येत सुधारायला हवी, ती उतरत होती. म्हणून निदान मध्यम ते तीव्र नैराश्य असे केले.

हे निदान हृदयाच्या डॉक्टरांनीही मनावर घ्यावे, याला आधार आहे. बायपास झालेल्या ३०९ रुग्णांचा एक अभ्यास २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात घरी जाण्यापूर्वी पाचातल्या एका रुग्णाला मोठे नैराश्य होते आणि वर्षभरात त्यांपैकी २७ टक्क्यांना हृदयाचा नवा त्रास झाला, बाकीच्यांत तो १० टक्क्यांना झाला. २००३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या ८१७ रुग्णांच्या अभ्यासात मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्यांचा मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त आढळला. त्याची कारणे थोडी रक्तातली आहेत, जसे की प्लेटलेटचा चिकटपणा, दाह, हृदयाच्या ठोक्यांची लवचीकता कमी होणे. आणि थोडी अगदी घरगुती, जसे की रात्रीच्या उरलेल्या एकोणीस गोळ्या.

मानसोपचारतज्ज्ञांचे नाव काढताच त्यांचा पहिला प्रश्न आला: “माका रत्नागिरीक धाडतास काय, डॉक्टरांनू?” आमच्याकडे ‘रत्नागिरीला पाठवणे’ याचा अर्थ प्रादेशिक मनोरुग्णालयात भरती करणे असाच घेतला जातो, आणि थट्टेत वापरलेला हा शब्दप्रयोग खऱ्या रुग्णाला किती महागात पडतो हे मी पुन्हा एकदा पाहिले. कुठेही भरती करायचे नाही, ओरोसच्या मानसोपचारतज्ज्ञांशी मी फोनवर बोलेन आणि गोळी इथेच मिळेल, एवढ्यावर ते तयार झाले. ग्रामदेवतेला कौल लावून झाला होता, तो उजवा मिळाला होता. पत्नींनी तो विषय जरा चाचरत काढला. मी म्हटले की देवाने होकार दिलाच आहे, तर गोळीही चालू करू. यात वावगे काही आहे असे मला वाटत नाही.

औषध म्हणून सर्ट्रालिन निवडले: पहिला आठवडा २५ मिलिग्रॅम, मग ५०. हृदयरुग्णांत हे औषध बऱ्यापैकी तपासले गेले आहे आणि त्याने हृदयाच्या लयीत सहसा बिघाड होत नाही. नैराश्यावरची जुनी ट्रायसायक्लिक औषधे ती लय बिघडवू शकतात, म्हणून या रुग्णांत टाळतात. मात्र सर्ट्रालिन अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला आले की रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून पित्ताची गोळी चालू ठेवली आणि शौचाला काळी झाली तर त्याच दिवशी कळवा, असे बजावले. या औषधाने या वयात रक्तातले सोडियम उतरू शकते, म्हणून दोन आठवड्यांनी ते तपासले. मुलाने मुंबईहून फोन केला की रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल या गोळीने नैराश्य येते असे मोबाइलवर वाचले, तेव्हा ती बंद करू का. हा समज जुना आहे. २००२ मध्ये अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले गेले, त्यांत मेटोप्रोलॉलच्या, म्हणजे बीटा-ब्लॉकर गटातील, औषधांनी थकवा थोडा वाढतो, पण नैराश्याची लक्षणे वाढत नाहीत, असे आढळले. बायपासनंतर ही गोळी परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे, म्हणून ती तशीच ठेवली.

खरे काम गोळीच्या पलीकडचे होते. घर रस्त्याच्या खाली, उतारावर. रस्त्याला यायचे तर जांभ्याच्या पाखाडीच्या चोपन्न पायऱ्या. रुग्णालयाच्या कागदावर ‘रोज सपाट जागेवर ३० मिनिटे चालणे’ असे छापले होते. सपाट जागा म्हणजे पुढचे खळे, जेमतेम तीस फुटांचे, आणि खळ्यात येरझाऱ्या घालणे म्हणजे चालणे असे कुणी त्यांना सांगितले नव्हते. त्यामुळे ते चाललेच नव्हते. शिवाय वाकले तर छाती उघडेल ही धास्ती. मी त्यांचाच तळहात त्यांच्या छातीच्या मधल्या हाडावर ठेवला आणि खोकायला सांगितले. हाड हलले नाही. पुन्हा खोकायला सांगितले. हाड स्टीलच्या तारांनी बांधलेले असते आणि साधारण आठ ते बारा आठवड्यांत सांधते, हे मी आधीही सांगितले होते. हाताखाली ते स्वतः पाहिल्यावर मात्र ते बराच वेळ तळहात तसाच ठेवून बसले.

मग आम्ही कामे ठरवली. पहिल्या आठवड्यात रोज दाढी, दुपारचे जेवण ओटीवर, खळ्यात सकाळ-संध्याकाळ वीस-वीस फेऱ्या. दुसऱ्या आठवड्यात घराजवळच्या पहिल्या तीन कलमांपर्यंत जाऊन खुर्चीवर बसणे. इच्छा झाली की करा असे म्हणायचे नाही, वेळ झाली की करा असे म्हणायचे. इच्छा मागून येते. दर शुक्रवारी दवाखान्यातील सिस्टर फोन करत. ही कल्पना उसनी आहे: २००९ मध्ये अमेरिकेत बायपासनंतर नैराश्य आलेल्या ३०२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत परिचारिकांनी आठ महिने फोनवरून पाठपुरावा केला होता, आणि त्या गटातील निम्म्या रुग्णांची लक्षणे निम्म्याहून कमी झाली, एरवीच्या उपचारांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास राहिले. आमच्या सिस्टर त्याच पट्ट्यातल्या, मालवणीत बोलणाऱ्या. मला जे कळले नाही ते त्यांना चार फोनांत कळले.

एक म्हणजे जेवण. हृदयाचे ऑपरेशन झाले म्हणून घरात दोन महिने मासळी शिजली नव्हती. मुगाचे वरण आणि पेज. जन्मभर मासे खाल्लेल्या माणसाच्या भुकेचे काय होणार? बांगडा, तारली हे मासे हृदयाला अपायकारक नाहीत, तळण, भरपूर खोबरे आणि खारवलेली सुकी मासळी टाळा, असे सांगितल्यावर त्याच आठवड्यात घरात कालवण झाले. दुसरी गोष्ट अतिदक्षता विभागातली. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री त्यांना खाटेखाली खाडीचे पाणी भरताना दिसले होते, त्यांनी नळ्या उपसल्या होत्या, हात बांधावे लागले होते. हे त्यांनी पत्नीलाही सांगितले नव्हते. आपल्याला वेड लागू लागले आहे असे त्यांनी मनाशी धरले होते, आणि रत्नागिरीचा प्रश्न त्या भीतीतून आला होता. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस होणारा हा भ्रम पुष्कळांना होतो आणि तो वेड नव्हे, हे समजावून सांगायला दहा मिनिटे लागली. ती दहा मिनिटे डिसेंबरात मिळायला हवी होती.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी निघाली. “बाग करारान दिली, माका कोणी इचारूक नाय.” डिसेंबरात ते अंथरुणावर असताना मुलाने त्या हंगामापुरती सगळी बाग एका व्यापाऱ्याला कराराने देऊन टाकली होती. मुलाचे चुकले असे म्हणवत नाही. मुंबईची नोकरी सोडून त्याला फवारणीला येता येत नव्हते, आणि वडिलांना त्रास नको म्हणून त्याने विषय काढला नाही. वडिलांना तो करार शेजाऱ्याकडून कळला. तुडतुड्यांवर ‘जावंदे’ का म्हटले, याचा उलगडा मला तेव्हा झाला: मोहोर त्यांचा राहिलाच नव्हता. याचा अर्थ नैराश्य नव्हते असा नाही. झोप, भूक, अपराधीपणा आणि मरणाचे विचार एका कराराने येत नसतात. पण केवळ गोळी देऊन मी थांबलो असतो, तर आजाराचा एक मोठा भाग तसाच राहिला असता.

शिमग्याला मुलगा गावी आला, तेव्हा पालखी घरून गेल्यावर दुसऱ्या दिवशी तिघांना एकत्र बसवले. करार मोडता येत नव्हता. व्यापाऱ्याशी बोलून घराशेजारची आठ कलमे त्यातून बाहेर काढली, आणि पुढच्या हंगामाचा निर्णय वडिलांना विचारल्याशिवाय होणार नाही हे मुलाने त्यांच्यासमोर कबूल केले. फेब्रुवारीअखेर १२ असलेले गुण मार्चअखेर ९ वर आले.

मे महिन्यात गुण पुन्हा वाढून १३ झाले. व्यापाऱ्याची माणसे झेल्याने फळे उतरवून क्रेट टेम्पोत चढवत होती आणि हे ओटीवरून पाहत होते. दहा-बारा दिवसांत झोप पुन्हा मोडली. आठ कलमांनी सारे निभावेल असे मला वाटले होते, ते चुकीचे ठरले. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून सर्ट्रालिन १०० मिलिग्रॅम केले, शुक्रवारचा फोन पंधरवड्यावर गेला होता तो पुन्हा दर आठवड्याला आणला, आणि त्या आठ कलमांच्या फळांची आढी माजघरात त्यांच्या हाताने लावून घेतली. जुलैत गुण ६ झाले. पाखाडीच्या चोपन्न पायऱ्या ते दोनदा थांबून चढू लागले; गणपतीला एकदाच थांबून.

ऑक्टोबरच्या भेटीत गुण ३ होते, रात्रीच्या गोळ्या हिशेबाने संपल्या होत्या, आणि वजन तीन किलोंनी वाढले होते, ज्याबद्दल या वेळी मी काही बोललो नाही. त्यांनी मनाची गोळी बंद करण्याविषयी विचारले. पूर्ण बरे वाटू लागल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवायची असते आणि २००९ मधला तो काळ लक्षात घेता अधिक काळ, हे मी सांगितले. शिवाय दिवाळीनंतर मोहोर येऊ लागतो, तोच गेल्या वर्षीचा शस्त्रक्रियेचा काळ, आणि या वेळी फवारणीचे सगळे निर्णय त्यांच्याकडे आहेत. म्हणून डोस कमी करण्याचा विचार हंगाम उरकल्यावर, मेअखेरीस करायचा, असे आम्ही तिघांनी ठरवले आणि केसपेपरवर तशी तारीख घातली.